कॅनव्हासवरचा तिरका टाका

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडला गेले होते. ती साउदॅम्प्टनला राहते, तिनं जवळचं विंचेस्टरचं कॅथीड्रल दाखवलं. आत बाकांवर लोकरीनं भरलेल्या जाड उशा होत्या. टाके इतके दाट, की खालचं कापड कुठेही दिसत नव्हतं. विचारल्यावर ‘नीडलपॉइंट’ असं उत्तर मिळालं. शाळेत असताना मी दोसुतीवर फुल्या घालून पोपट आणि गुलाब भरले आहेत. हे तेच का? आणि आता शिकायचं म्हटलं, तर ते कला म्हणून शिकता येतं, की छापील चित्रात नुसते रंग भरायचे असतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घराणं एक, रीत वेगळी. दोसुतीवर किंवा मॅटीवर आपण पोपट भरतो तेव्हा त्याच्याभोवतीचं कापड मोकळंच राहतं. ती पांढरी किंवा बदामी मॅटी हीच चित्राची पार्श्वभूमी. नीडलपॉइंटमध्ये तसं चालत नाही. त्याला लागणारा कॅनव्हास म्हणजे सुती धाग्यांची, खळ दिलेली कडक जाळी. ती लोकांना दिसावी म्हणून नसतेच. फूल भरायचं, पान भरायचं आणि मग त्यांच्यामागची सगळी रिकामी जागाही भरायची. काम संपतं तेव्हा जाळी पोटात गेलेली असते आणि हातात येतं ते लोकरीचं नवं, जाड, दणकट कापड. म्हणून या कामाच्या उशा होतात, खुर्च्यांच्या बैठका होतात, पिशव्या होतात. तुम्ही पाहिलेल्या उशा १९३० च्या दशकातल्या आहेत आणि त्या वापरासाठीच केलेल्या आहेत.

दुसरा फरक टाक्याचा. फुलीत दोन तिरके टाके एकमेकांवर येतात. नीडलपॉइंटचा पायाचा टाका एकेरी असतो. जाळीत जिथे उभा आणि आडवा धागा एकमेकांना छेदतात, तो छेद ओलांडून खालच्या डाव्या भोकातून वरच्या उजव्या भोकात जायचं. याला टेंट स्टिच म्हणतात. आपण तिरका टाका म्हणू. दुकानात या कामाला कधी कधी टॅपेस्ट्रीही म्हणतात, पण टॅपेस्ट्री मागावर विणली जाते, सुईनं भरली जात नाही. फ्रान्समधली बायोची प्रसिद्ध, सुमारे ७० मीटर लांबीची ‘टॅपेस्ट्री’सुद्धा खरं तर लिननवर लोकरीनं केलेलं भरतकामच आहे.

आता तुमचा खरा प्रश्न : कला, की नुसतं रंग भरणं? तुम्ही विंचेस्टर पाहिलंत हे फार चांगलं झालं, कारण याचं उत्तर तिथल्या बाकांवरच आहे. त्यासाठी आधी थोडं बर्लिनला जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमधल्या काही प्रकाशकांनी चौकटींच्या कागदावर भरतकामाचे नमुने छापायला सुरुवात केली. कागदावरचा एक चौकोन म्हणजे कॅनव्हासवरचा एक टाका. चौकोन हातानं रंगवलेले, त्यामुळे कुठे कोणता रंग घालायचा हे विचारायचीच गरज नाही. जोडीला मऊ मेरिनो लोकर, तऱ्हेतऱ्हेच्या छटांत रंगवलेली. हा प्रकार ‘बर्लिन वूलवर्क’ नावानं युरोप-अमेरिकेत असा पसरला, की मध्यमवर्गीय घरांतल्या बैठकीच्या खोल्या लोकरी गुलाबांनी, कुत्र्यांनी आणि बायबलमधल्या प्रसंगांनी भरून गेल्या. १८५६ मध्ये विल्यम पर्किननं पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला आणि पुढच्या काही वर्षांत लोकरीचे रंग आणखी भडक झाले. मोजून भरायच्या रंगीत तक्त्यावरून ज्यांनी पोपट भरला, त्या सगळ्यांचं नातं या बर्लिनच्या कागदाशी आहे.

त्या कागदाला मी कमी लेखत नाही. ज्यांना चित्र काढायला कधीच शिकवलं गेलं नव्हतं, अशा हजारो बायकांच्या हाती त्यानं चित्र दिलं. पण बदल्यात एक गोष्ट काढून घेतली. त्याआधीच्या दोनशे वर्षांत इंग्लंडमधल्या मुली कापडाच्या लांब पट्टीवर टाक्यांचा संग्रह करत. त्या पट्टीला सॅम्पलर म्हणतात. एकेका पट्टीवर कितीतरी जातींचे टाके असत. हा टाका उठून दिसतो, हा झाकतो, हा चमकतो, हे त्या मुलींना हातानं कळलेलं असे. बर्लिनच्या तक्त्याला मात्र एकच टाका पुरत होता, फार तर दोन. बाकीचे विस्मरणात जाऊ लागले आणि भरणारी बाई निर्णय घेणारी न राहता नुसती चौकोन मोजणारी झाली.

याविरुद्धची खटपट एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली. लेडी व्हिक्टोरिया वेल्बी यांनी १८७२ मध्ये लंडनमध्ये एक शाळा काढली. तीच आजची रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क. विल्यम मॉरिस, एडवर्ड बर्न-जोन्स, वॉल्टर क्रेन अशा मंडळींनी तिच्यासाठी आराखडे काढले. ती शाळा आता हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आहे आणि अजून शिकवते.

पण तुमच्या उशांच्या मागे उभी आहे ती लुइसा पेझेल. जन्म १८७०, ब्रॅडफर्डचा, म्हणजे लोकरीच्या गिरण्यांच्या गावचा. अथेन्समधल्या भरतकाम आणि लेस शिकवणाऱ्या शाळेची ती काही वर्षं संचालक होती. परतीच्या वाटेवर तिनं इजिप्त आणि हिंदुस्थानही पाहिला. जिथे जाई तिथले टाके ती नोंदवून ठेवी. पूर्वेकडच्या भरतकामांतल्या टाक्यांवर तिनं पुस्तक केलं आणि जुन्या इंग्लिश भरतकामांतल्या टाक्यांवरही. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यानं मनानं खचलेल्या सैनिकांना तिनं ब्रॅडफर्डमध्ये भरतकाम शिकवलं. पुढे विंचेस्टरला स्थायिक झाल्यावर तिनं कॅथीड्रलसाठी मोठं काम हाती घेतलं. १९३१ ते १९३६ या काळात गावातल्या आणि आसपासच्या स्वयंसेवकांनी, बहुतेक बायकांनीच, साडेतीनशेहून अधिक गुडघे टेकायच्या उशा, बाकांवरच्या लांब उशा आणि दानाच्या पिशव्या भरल्या. कॅथीड्रलच्या इतिहासाची चित्रं सिबिल ब्लंट हिनं काढली, तर नक्षी आणि टाक्यांची बाजू पेझेलनं सांभाळली.

पेझेलनं काय केलं, तर जुन्या सॅम्पलरांतले विसरलेले टाके परत आणले. उशीच्या मधल्या नक्षीला एक, कडेला दुसरा, भरणीला तिसरा. हातात प्रथमच सुई धरलेल्या बाईलाही तिनं ‘हा टाका इथे का’ हे समजावून दिलं. त्या उशा पुन्हा पाहायचा योग आला तर लांबून न पाहता त्यांच्यावर वाका. एकाच निळ्या पट्टीत कुठे लोकर सपाट झोपलेली दिसेल, कुठे दाण्यासारखी वर आलेली. त्या फरकात कला आहे. चित्र कुणी दुसऱ्यानं काढलेलं असलं तरी चालेल. टाका कोणता आणि कुठल्या दिशेनं, हे ज्या क्षणी तुम्ही ठरवायला लागता त्या क्षणी ते काम तुमचं होतं. त्यामुळे माझं मत स्वच्छ आहे : छापील रंगीत कॅनव्हासचा संच आणून सुरुवात करू नका. ते नंतर, हौसेनं, अवश्य करा. पहिला कॅनव्हास कोरा घ्या.

आता सामान. कॅनव्हास ‘मोनो’ मागा, म्हणजे एकेरी धाग्यांचा. त्यावर एक आकडा असतो. एका इंचात किती भोकं, तो हा आकडा. पहिल्यांदा १० चा घ्या. दुकानात १३, १४, १८ असेही दिसतील आणि १८ चं काम जास्त नाजूक दिसतं म्हणून मोह होईल. हिशेब असा, की बारा इंची चौकोनी उशीला १० च्या कॅनव्हासवर १४,४०० टाके लागतात आणि १८ च्या कॅनव्हासवर ४६,६५६. शिकताना टाके थोडे आणि मोठे असलेले बरे, चूक लगेच दिसते आणि लगेच उसवता येते.

सुई बोथट टोकाची. तिनं टोचायचं नसतं, भोकातून सरकायचं असतं. १० च्या कॅनव्हासला १८ नंबरची सुई, १३-१४ ला २० नंबरची, १८ ला २२ नंबरची. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. लोकर टॅपेस्ट्रीची मिळाली तर उत्तम. स्वेटरची लोकर घरात पडलेली असते म्हणून तीच वापरायचा विचार मनात येतो, पण ती टाळा. ती विणकामासाठी लवचिक केलेली असते; ताणून भरली की नंतर आक्रसते आणि खळीच्या कडक भोकांतून वारंवार गेल्यावर तिचे तंतू सुटून गोळे येतात. टॅपेस्ट्रीची लोकर नाहीच मिळाली तर १८ चा कॅनव्हास आणि भरतकामाचा नेहमीचा सहा पदरी सुती दोरा ही जोडी चालते, फक्त त्याला धीर जास्त लागतो. दोरा कशाचाही असो, साधारण ४५ सेंटिमीटरचाच घ्या. लांब दोऱ्यानं पुन्हा पुन्हा ओवण्याचा त्रास वाचतो, पण त्याचा शेवटचा भाग जाळीतून इतक्या वेळा घासून गेलेला असतो, की तिथले टाके बारीक आणि निस्तेज दिसतात.

भरतकामाची गोल रिंग इथे नको. कॅनव्हास कडक असतो, रिंगेत त्याला घड्या पडतात आणि त्या जात नाहीत. चित्रकार वापरतात तशी लाकडी चौकट घेऊन तिच्यावर कॅनव्हास टाचण्यांनी ताणून बसवा. पहिला छोटा तुकडा नुसता हातात धरूनही होईल. चारही बाजूंना ५ सेंटिमीटर कोरी कड सोडा आणि कडेला कागदी चिकटपट्टी लावा, नाहीतर सुटे धागे लोकरीत अडकत राहतात.

सुरुवात गाठीनं करायची, पण गाठ सुलट बाजूला. पहिल्या टाक्यापासून इंचभर पुढे, ज्या दिशेला काम जाणार त्याच ओळीत, सुई वरून खाली घाला. गाठ वर दिसत राहील. मग मागे येऊन टाके घालत त्या गाठीकडे या. मागचा सुटा दोरा टाक्यांखाली आपोआप दाबला जातो. गाठीपर्यंत पोचलात की ती कापून टाका. संपवतानाही गाठ नाही. सुई उलट बाजूच्या टाक्यांखालून इंचभर सरकवून दोरा कापायचा. तुमच्या सांगलीहून पुढे बेळगाव-धारवाडकडे गेलं की इरकली साडीवरची कसुती दिसते. तिच्यातही गाठ चालत नाही, धागे मोजूनच टाके घालायचे असतात आणि गवंती टाक्याचं चांगलं काम दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. कसुती ज्यांनी केली आहे, त्यांची निम्मी तयारी झालेलीच आहे.

यानंतर तो तिरका टाका. तो घालायच्या तीन रीती आहेत आणि सुलट बाजूनं तिन्ही अगदी सारख्या दिसतात. फरक सगळा पाठीमागे.

पहिली रीत अर्ध्या फुलीची. मागे फक्त आखूड उभे टाके दिसतात. लोकर सर्वांत कमी लागते, पण पाठ उघडी राहते आणि मोनो कॅनव्हासवर टाके घसरतात. दुसरी काँटिनेंटल. हिच्यात प्रत्येक टाक्याला सुई मागून लांब तिरकी जाते, त्यामुळे पाठही भरते. लोकर पहिलीच्या साधारण दीडपट. तोटा असा, की सगळे टाके जाळीला एकाच बाजूला ओढतात आणि चौकोन हळूहळू कलतो. तिसरी बास्केटवीव्ह. हिच्या ओळी आडव्या नसतात, त्या कोपऱ्यातून तिरक्या वर जातात आणि तिरक्या खाली येतात. पाठीमागे टोपलीसारखी वीण तयार होते, तिच्यावरूनच हे नाव पडलं. जाळी फारशी कलत नाही आणि बैठकीच्या कामाला लागणारा भक्कमपणा येतो. लोकर दुसरीइतकीच.

मी तुम्हाला तिसरीच शिका म्हणेन. पहिले काही तास ती अवघड वाटते, कारण ओळ वर नेत होतो की खाली आणत होतो हे मधेच उठलं की विसरतं. त्यावर उपाय कॅनव्हासमध्येच आहे. कोरा कॅनव्हास उजेडात धरून एकेक छेद पाहा. काही छेदांत उभा धागा वर आहे, शेजारच्यांत आडवा. तिरक्या ओळीनं पाहिलं तर एका ओळीत सगळे उभे धागे वर, पुढच्या ओळीत सगळे आडवे. उभे धागे वर असलेली ओळ खाली येताना भरायची, आडवे धागे वर असलेली ओळ वर जाताना. हे एकदा डोळ्यांत बसलं की काम महिनाभर बाजूला राहिलं तरी चुकत नाही. आणि हा नियम मोडून दोन शेजारच्या ओळी एकाच दिशेनं भरल्या, तर सुलट बाजूला एक पुसट तिरकी रेघ उमटते, पार्श्वभूमीच्या एकरंगी भागात तर ती हमखास डोळ्यांत येते.

तिरका टाका हातात बसला की तांबड्या लोकरीची एकच लड घ्या. एकच रंग, हे मुद्दाम. कोऱ्या कॅनव्हासवर शेजारी शेजारी तीन चौकोन आखा. पहिला तिरक्या टाक्यांनी भरा. दुसऱ्यात स्कॉच टाका : लहान चौकटीत एक, दोन, तीन, दोन, एक छेद ओलांडणारे तिरके टाके आणि दर चौकटीला दिशा उलटी. तिसऱ्यात स्मर्ना टाका : दोन धाग्यांवर तिरकी फुली आणि तिच्यावर उभी फुली. झालं की तुकडा खिडकीशी नेऊन फिरवा. पहिला चौकोन शांत, सारख्या रंगाचा दिसेल. दुसऱ्यात बुद्धिबळाच्या पटासारख्या फिक्या-गडद चौकटी उमटतील, कारण लोकरीची दिशा बदलली की तिच्यावरून परतणारा उजेड बदलतो. तिसरा जास्त गडद वाटेल, कारण उंचवट्यांमध्ये सावली साठते. लोकर एकच, रंग तीन. चित्र काढता येत नाही म्हणून मागे राहणाऱ्यांना मी हे आधी करायला सांगते.

त्यानंतर बार्जेलो करून पाहा. त्यात टाके सरळ उभे, साधारण चार धाग्यांवर, आणि पुढचा टाका दोन धागे वर किंवा खाली. त्यातून ज्वाळांसारख्या किंवा लाटांसारख्या ओळी तयार होतात. फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयातल्या सतराव्या शतकातल्या खुर्च्यांवर हे काम आहे, म्हणून हे नाव. पहिली ओळ नीट मोजून घातली की बाकीच्या तिच्यामागून येतात, त्यामुळे रंगांच्या छटा निवडण्याकडे सगळं लक्ष देता येतं.

शिकवणारं जवळ कुणी नसेल तर रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कनं २०२१ पासून टाक्यांचा मोठा संग्रह इंटरनेटवर मोफत खुला केला आहे. प्रत्येक टाका पायरीपायरीनं दाखवलेला आहे. इंग्रजी वाचायचा कंटाळा असला तरी चित्रांवरून कळतं.

प्रश्न : ठरावीक भोकांत ठरावीक टाके. यात माणूस स्वतःचं काय सांगणार?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : स्कॉटलंडची राणी मेरी १५६८ पासून इंग्लंडमध्ये कैदेत होती आणि १५८७ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. मधली जवळजवळ १९ वर्षं तिचा वेळ सुईदोऱ्यात गेला. १५६९ मध्ये तिला भेटलेल्या निकोलस व्हाइट नावाच्या अधिकाऱ्यानं लंडनला कळवलं, की ती दिवसभर भरतकाम करते, रंगांच्या विविधतेमुळे काम कमी कंटाळवाणं वाटतं असं सांगते आणि दुखायला लागेपर्यंत थांबत नाही. सुरुवातीची बरीच वर्षं हार्डविकची बेस तिच्याबरोबर भरायला बसे. बेसच्या नवऱ्यावरच मेरीच्या पहाऱ्याची जबाबदारी होती. त्या दोघींचे प्राणी, पक्षी, मासे आणि वनस्पतींचे कॅनव्हासवरचे तुकडे मोठ्या पडद्यांवर जोडलेले आज नॉरफोकच्या ऑक्सबरा हॉलमध्ये आहेत.

प्राण्यांची चित्रं बऱ्याच वेळा त्या काळच्या छापील पुस्तकांतून, कॉनराड गेस्नरच्या प्राणिग्रंथातून घेतलेली आहेत. म्हणजे मेरीपुढेही नमुना होताच. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातल्या एका तुकड्यावर मेरीनं मांजर भरलं आहे. मांजर तांबूस, आणि शेजारी एक उंदीर. इंग्लंडच्या गादीवर तेव्हा तांबूस केसांची एलिझाबेथ होती. मेरीची पत्रं उघडून वाचली जात, भेटीगाठींवर पहारा होता. रेशमी दोऱ्याच्या रंगावर मात्र कुणाचा पहारा नव्हता.

इतकं जुनं नको असेल तर अमेरिकन चित्रकार ज्यूडी शिकागोचं काम पाहा. १९८० ते १९८५ या काळात तिनं बाळंतपण या विषयावर मालिका केली. पाश्चात्त्य चित्रकलेत या विषयाला जवळपास जागाच नव्हती. ती चित्रं सुमारे दीडशे भरतकाम करणाऱ्यांनी प्रत्यक्षात उतरवली आणि त्यांत नीडलपॉइंटही होतं. बायकांना घरात बसवायला वापरलेली सुई त्याच बायकांनी बोलायला कशी वापरली, यावर रोझिका पार्कर यांनी १९८४ मध्ये ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ हे पुस्तक लिहिलं. मिळालं तर जरूर वाचा.

प्रश्न : बारा इंची उशी भरून झाली, पण चौकोनाची शंकरपाळी झाली आहे. सगळं उसवावं लागेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुळीच नाही. तुम्ही बहुधा काँटिनेंटल रीतीनं भरलं आहे. आधी प्रत्येक रंगाचा दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग सुटत नाही ना ते पाहा. सुटत नसेल तर काम पाण्यानं दमट करा, म्हणजे कॅनव्हासची खळ सैल पडते. आखूड कर्ण धरून दोघांनी मिळून विरुद्ध कोपरे ओढा. मग पाटावर कागदाचा काटकोनी आराखडा ठेवून, त्यावर काम पसरून, चारही बाजूंनी कोऱ्या कडेत न गंजणाऱ्या टाचण्या जवळ जवळ ठोका. सावलीत, सपाट ठेवून पूर्ण वाळू द्या. घाई करून उन्हात ठेवू नका, इस्त्री तर नकोच, टाके चपटे होतात. एकदा करून भागलं नाही तर पुन्हा करा. पुढची उशी बास्केटवीव्हनं, चौकटीवर ताणून भरा, म्हणजे ही वेळच येणार नाही.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला हे काम मनापासून आवडतं. घरात मात्र ‘बायकी छंद’ म्हणून हसतात. काय सांगावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हसणाऱ्यांना आधी मुंबईतल्या जरीकामाच्या कारखान्यांत न्या. अड्ड्याभोवती, म्हणजे कापड ताणायच्या चौकटीभोवती, बसून नवऱ्या मुलींचे शालू आणि घागरे भरणारे जवळपास सगळे पुरुष कारागीर असतात.

मग त्यांना अर्नेस्ट थेसिजरबद्दल सांगा. हा इंग्लिश नट पहिल्या महायुद्धात आघाडीवर जखमी झाला. त्याला भरतकामाची पहिल्यापासून आवड होती. अपंग होऊन परतलेल्या सैनिकांना सुईकाम शिकवावं यासाठी त्यानं आग्रह धरला, आणि पुढे अशा सैनिकांची भरतकामाची संस्था उभी राहिली. जुन्या घराण्यांतल्या खुर्च्यांची कॅनव्हासवरची कामं या माणसांनी केली. अंथरुणात पडून करता येतं, हात थरथरत असला तरी जाळी टाका जागेवर ठेवते आणि कामाचे पैसे मिळतात, हे सगळं त्या सैनिकांना उपयोगी पडलं. अमेरिकेत फुटबॉलचा धिप्पाड खेळाडू रोझी ग्रियर यानं १९७३ मध्ये पुरुषांसाठी नीडलपॉइंटचं पुस्तकच काढलं. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडणाऱ्याला ज्यांनी जागीच धरलं, त्यांच्यातला हा एक. चिडवणाऱ्यांना त्याचा फोटो दाखवा.

मुलाला १० चा कॅनव्हास, बोथट सुई आणि त्याच्या आवडीच्या दोन रंगांची लोकर आणून द्या. नमुना त्यालाच चौकटीच्या वहीत काढू द्या. आणि तो काय करतो आहे यावर घरात चर्चा थांबवा.

प्रश्न : साठीनंतर डोळ्यांना झेपेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : १० चा कॅनव्हास झेपतो. दिवसाच्या उजेडात, डाव्या खांद्यावरून प्रकाश येईल असं बसा. डावखुरे असाल तर उजव्या. मांडीवर पांढरा रुमाल पसरा, म्हणजे जाळीची भोकं खालून उजळ दिसतात. काळ्या आणि गडद निळ्या रंगाचं काम रात्रीसाठी ठेवू नका. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून लांब पाहा. त्रास झाला तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, मग कॅनव्हासकडे.

सांगलीच्या बाईंसाठी आणि त्यांच्यासारख्या ज्यांना सुरुवात करायची आहे त्या सर्वांसाठी : तांबड्या लोकरीचे ते तीन चौकोन पूर्ण झाले की आमच्याकडे फोटो पाठवा. सुलट बाजूचा एक आणि उलट बाजूचा एक, असे दोन. उलट बाजूच्या फोटोवरून टाका कुठे चुकतो आहे हे नेमकं सांगता येतं आणि ते पुढच्या सदरात सांगू.